दिल्लीचा कागद आणि खळ्यावरचे दोन कारकून

(धारवाड येथे मराठी मंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही वास्कोला गाडीत बसलात. कुळे मागे पडले, घाट चढला, लोंढा आले, अळणावर आले आणि मग धारवाड. इथपर्यंत तुमची लाल माती तुमच्या सोबतीला होती. इथून हुबळीकडे निघालात की काळी माती लागते, जोंधळा-कापसाची. अळणावरपासून जवळच हल्याळ आहे. हुबळी ओलांडून पुढे गेले की गदग. ही दोन नावे तेवढी ध्यानात ठेवा. १७१९ साली दिल्लीच्या बादशहाच्या दरबारात एक कागद झाला. त्या कागदात शाहू महाराजांच्या स्वराज्याचा म्हणून जो मुलूख लिहिला, त्यात तुंगभद्रेच्या उत्तरेकडची कोप्पळ, गदग, हल्याळ ही नावे इतिहासकार देतात. आपण बसलो आहोत त्या धारवाडचे नाव त्यांत नाही. पूर्वेला गदग आहे, पश्चिमेला हल्याळ आहे आणि मधले धारवाड बाहेर! धारवाडकरांनी रागावू नये. मी यादी केली नाही.

वास्तविक मला विषय दिला आहे तो हंगेरीचा. १८६७ साली ऑस्ट्रियाचा बादशहा आणि हंगेरीचे पुढारी यांच्यात समेट झाला, त्यावर बोला, असे चिटणीसांनी सांगितले. मी हो म्हटले आणि घरी जाऊन विचारात पडलो. खाजनात गुडघाभर चिखलात उभा राहणारा माणूस, पहाटे रापणीचा दोर खांद्यावर घेणारा माणूस, त्याला व्हिएन्नाच्या दरबाराशी काय देणेघेणे? मग लक्षात आले की ही गोष्ट आपल्या अंगणात हंगेरीच्या दीडशे वर्षे आधी घडून गेली आहे. तेव्हा हंगेरी थोडक्यात सांगतो आणि आपले घर सविस्तर.

हंगेरीने १८४८ साली बंड केले. एकट्याच्या बळावर ते मोडवेना म्हणून बादशहाने रशियाची फौज बोलावली. ६ ऑक्टोबर १८४९ रोजी अराद या गावी हंगेरीच्या तेरा सेनापतींना मारण्यात आले. पुढारी कोशुत परदेशी गेला, तो परत आलाच नाही. पुढे दिवस फिरले. १८५९ साली इटलीत बादशहाने मार खाल्ला, १८६६ साली प्रशियाने त्याला कोनिगग्रेट्झच्या मैदानात लोळवले. खजिना रिकामा, फौज हरलेली. अशा वेळी घरात रुसून बसलेल्या धाकट्या भावाची आठवण होते, तशी त्याला हंगेरीची आठवण झाली. हंगेरीकडे देआक नावाचा शांत डोक्याचा कायदेपंडित होता. शत्रू पडला आहे म्हणून मागणी वाढवली नाही आणि इतकी वर्षे बसून राहावे लागले म्हणून कमीही केली नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच्या जोडीला आन्द्राशी. या आन्द्राशीला बादशहाच्या न्यायालयाने पूर्वी फाशीची शिक्षा फर्मावली होती. तो हाती लागेना म्हणून त्याच्या नावाने खोटी फाशी दिली होती. तोच माणूस १८६७ साली हंगेरीचा मुख्य प्रधान झाला, आणि ८ जून १८६७ रोजी बुडा शहरात त्याच बादशहाच्या मस्तकी हंगेरीचा मुकुट चढला!

ठरले काय? हंगेरीची विधानसभा हंगेरीची, मंत्रिमंडळ हंगेरीचे, शाळा-न्यायालये हंगेरीची. फौज, परराष्ट्रांशी व्यवहार आणि या दोहोंचा खर्च मात्र सामाईक. त्या खर्चात सुरुवातीला सत्तर हिस्से तिकडचे, तीस हंगेरीचे. जकातीचा करार दर दहा वर्षांनी नवा करायचा, म्हणजे दर दहा वर्षांनी भांडणाची तारीख नेमलेली. चुली दोन आणि उंबरा एक, असा तो संसार होता. त्याच काळात, १८७३ साली, नदीच्या दोन काठांवरची बुडा आणि पेस्ट मिळून एक बुडापेस्ट झाले. हुबळी आणि धारवाडची १९६२ साली एक महानगरपालिका झाली, तसेच म्हणा. फक्त तिकडे मध्ये डॅन्यूब होती आणि इकडे नवलूरचे पेरूचे मळे.

आता आपल्या घरी येऊ.

१७०७ साली औरंगजेब दक्षिणेतच मेला. पंचवीस वर्षे मराठ्यांना बुडवायला बसला होता. मराठे बुडाले नाहीत, त्याचा खजिना बुडाला. रायगड पडला तेव्हापासून, म्हणजे १६८९ पासून, बाल शाहू मोगलांच्या छावणीत कैदेत होते. औरंगजेबाच्या मुलाने त्यांना सोडले, पण आई येसूबाई ओलीस म्हणून तिकडेच राहिल्या. इकडे ताराबाईंनी शाहूंना मानले नाही. घरात भाऊबंदकी, डोक्यावर कर्ज, सरदार ज्याच्या त्याच्या मुलखात राजे. त्या पडत्या काळात पुढे आला तो श्रीवर्धनचा, समुद्राकाठचा माणूस, बाळाजी विश्वनाथ. १७१३ साली तो पेशवा झाला. कान्होजी आंग्रे तेव्हा ताराबाईंच्या पक्षाला होते आणि त्यांनी शाहूंच्या आधीच्या पेशव्याला धरून ठेवले होते. बाळाजी त्यांच्याकडे लढायला न जाता बोलायला गेला. किल्ले आणि सरखेलीचा मान कान्होजींकडे राहिला, कान्होजींनी शाहूंना धनी म्हटले. किनाऱ्यावरचे लोक ही गोष्ट अजून चवीने सांगतात, आणि सांगावी. कारण दुबळ्या धन्याने बळकट चाकराशी समेट कसा करायचा, हे बाळाजी तिथे शिकला. पाच वर्षांनी दिल्लीत तो त्याच बैठकीला दुसऱ्या बाजूने बसला. आता बळकट चाकर तो होता आणि दुबळा धनी बादशहा.

दिल्लीत फर्रुखसियर गादीवर होता, पण राज्य सय्यद बंधूंच्या हाती. धाकटा सय्यद हुसेन अली दक्षिणेचा सुभेदार होऊन आला. बादशहा आतून मराठ्यांना पत्रे पाठवी की याचा बंदोबस्त करा! असा धनी आणि असा त्याचा सुभेदार. हुसेन अलीने ओळखले की मराठ्यांशी जमवून घेतल्याशिवाय आपली धडगत नाही. शंकराजी मल्हार हा राजाराम महाराजांच्या वेळचा जुना मुत्सद्दी मध्ये पडला आणि १७१८ साली कलमे ठरली.

शिवाजी महाराजांच्या वेळचे स्वराज्य किल्ल्यांसह शाहूंना द्यावे. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर, म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, हैदराबाद आणि विजापूर यांवर, चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क द्यावा. येसूबाईंना आणि कुटुंबाला सोडावे. त्याच्या मोबदल्यात शाहूंनी बादशहाच्या चाकरीला पंधरा हजार स्वार ठेवावे, चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करावा आणि सालीना दहा लाख रुपये नजराणा भरावा. ऐकलेत ना? दहा लाख भरायचे. म्हणजे धनी तुम्हीच, हे मराठ्यांनी कबूल केले.

फर्रुखसियरने हा करार नाकारला. मग हुसेन अली फौज घेऊन दिल्लीवर निघाला आणि बाळाजी मराठ्यांची फौज घेऊन त्याच्याबरोबर गेला. १७१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीत दंगल उसळली. बाजारातल्या लोकांनी मराठ्यांना गल्लीबोळांत गाठून मारले. दीड हजारांवर माणसे गेली. संताजी भोसले गेले, नाना फडणीसांचे आजोबा बाळाजीपंत भानू गेले. बादशहाला ओढून काढून आंधळे केले, पुढे मारले. नवा बादशहा बसवला आणि त्याच्याकडून मार्च १७१९ मध्ये सनदा घेतल्या. पुढची गंमत पाहा. बाळाजी जुलैत साताऱ्याला पोचला. तोपर्यंत सनद देणारा तो नवा बादशहासुद्धा गादीवरून उतरलेला होता!

पण येसूबाई घरी आल्या. १६८९ साली गेलेली बाई १७१९ साली परतली. तीस वर्षे. बाकीच्या सर्व कलमांवर वाद घाला, या एका कलमावर मी वाद घालणार नाही.

आता त्या कागदाचे वजन शेतकऱ्याच्या तराजूत करू. हुबळीजवळच्या एखाद्या खेड्यातला कुणबी डोळ्यांपुढे आणा. हा मुलूख विजापूर सुभ्यातला. धारवाडच्या किल्ल्यात मोगलांचा किल्लेदार, आजूबाजूला सावनूरच्या नवाबाचा अंमल. त्याच्या गावाचा सरकारसारा समजा शंभर रुपये. कागदाप्रमाणे त्यातले पंचवीस चौथाईचे. सरदेशमुखी शंभराला दहा, ती आणखी वर. या पंचविसाचे पुढे वाटे झाले. राजाची बाबती सहा रुपये चार आणे. सचिवाची साहोत्रा दीड रुपया. नाडगौडा म्हणून बारा आणे, ते राजा सांगेल त्याला. उरलेले साडेसोळा रुपये मोकासा म्हणून सरदाराचे, फौज ठेवण्यासाठी. रापणीच्या वाट्यांसारखाच हा हिशेब. पण तुमच्या रापणीत होडीचा वाटा असतो, जाळ्याचा असतो, आणि दोर ओढणाऱ्याचाही असतो. या पंचवीस रुपयांत ओढणाऱ्याचा वाटा तुम्हाला कुठे दिसला का? मी दोनदा मोजले.

बरे, चौथाई जहागीरदाराच्या वसुलातून जायची, कुणब्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. कागदावर खरे आहे. पण ज्याच्या शंभरातले पंचवीस गेले तो जहागीरदार गप्प का बसेल? तो ते खालून काढणार. खाफीखान नावाचा त्या काळचा इतिहासकार मराठ्यांचा मित्र नव्हे, त्याचे बोलणे जपूनच घ्यावे; पण बादशाही अंमलदाराच्या शेजारी चौथाईचा कमाविसदार, सरदेशमुखीचा गुमास्ता आणि रस्त्यावर राहदारी घेणारा निराळा, ही जी त्याची तक्रार आहे ती त्याने कल्पनेने लिहिली नसावी. आपल्याकडे याला शब्द आहे, दुअंमल. खळे एक आणि कारकून दोन. मळणी झाली की आधी कोणाचे माप लागायचे यावर दोन कारकुनांचे भांडण, आणि दाणे राखत रात्रभर जागायचे कुणब्याने.

त्यात आणखी एक मेख होती. सहा सुभ्यांचा एकूण आकार कागदावर अठरा कोटींच्या वर धरला होता. तो जुना आकार, भरभराटीच्या दिवसांतला. लढायांनी उजाड झालेल्या मुलखात तेवढे पिकतच नव्हते. मग मागणी जुन्या आकाराने का ठेवली? कारण वसूल पुरा झाला नाही तर बाकी राहते, आणि बाकी राहिली की ती मागायला दरसाल फौज नेता येते. बाळाजीपंताची हुशारी इथे दिसते. राज्यकारभार म्हणून मी तिला दाद देतो, कुणब्याच्या ओट्यावर बसून मला देता येत नाही. कर्नाटकाकडची कामगिरी फत्तेसिंह भोसल्यांकडे गेली, १७२५ पासून स्वाऱ्या निघाल्या. कागदावर ‘बाकी’ लिहिलेला शब्द अशा रीतीने घोड्यावर बसून आला.

तुमच्यापैकी फोंड्याकडची कोणी मंडळी आहेत का? हात वर केलेत, छान. कोकणच्या यादीत कुडाळ, फोंडा, अंकोला अशीही नावे येतात. फोंड्यावर तेव्हा सौंदेकर राजाचा अंमल होता. दिल्लीहून नाव लिहून आले म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी फोंड्यात काही बदलले असेल, असे मला वाटत नाही. ताब्यात नसलेला मुलूखही यादीत होता आणि ज्याचा उल्लेख नाही असा मुलूखही मराठ्यांनी पुढे घेतला.

इथे हंगेरीची गोष्ट पुन्हा हाताशी येते. हंगेरीने बादशहाकडून आपले मागून घेतले, पण हंगेरीच्या पोटात स्लोव्हाक होते, रुमानियन होते, सर्ब होते, क्रोएशियाचे लोक होते. १८६७ च्या बैठकीत त्यांना पाट मांडलेला नव्हता. पुढच्या वर्षी, १८६८ साली, क्रोएशियाशी निराळा करार झाला. त्यात रिएका नावाच्या बंदराचा प्रश्न अडला. मच्छीमार बांधवांनी हे नीट ऐकावे. क्रोएशियन प्रतीत लिहिले होते की या बंदराबद्दल एकमत झालेले नाही. हंगेरियन प्रतीत लिहिले होते की बंदर हंगेरीच्या मुकुटाचे. मग काय केले? क्रोएशियन प्रतीवरच्या त्या मजकुरावर कागदाचा एक तुकडा चिकटवला आणि त्यावर हंगेरीला सोयीचा मजकूर लिहिला! गंमत म्हणून सांगत नाही. तिकडच्या इतिहासात ‘रिएकाची चिंधी’ म्हणून हा तुकडा प्रसिद्ध आहे. आणि १९१८ पर्यंत ते बंदर बुडापेस्टच्या हाताखाली राहिले. कालपर्यंत बादशहाच्या दारात न्याय मागणाऱ्याने स्वतःच्या दारात आलेल्याला डिंक लावून दिला.

कोशुत परदेशातून ओरडून सांगत होता. मे १८६७ मध्ये त्याने देआकला उघडे पत्र लिहिले, की मोडकळीला आलेल्या या घराशी आपले नशीब बांधू नका. देआकचे म्हणणे, लोक थकले आहेत, जे मिळते ते घेऊ, देश उभा राहील. आणि देश उभा राहिलाही; रेल्वे आल्या, गिरण्या आल्या, बुडापेस्ट मोठे झाले. पण फौज सामाईक होती. १९१४ साली बादशहा लढाईत उतरला तेव्हा हंगेरीलाही उतरावे लागले. हरल्यावर १९२० साली ट्रियानॉनच्या तहात हंगेरीचा दोनतृतीयांश मुलूख गेला. यात कोण बरोबर? तुम्ही मला विचाराल म्हणून सांगून टाकतो: १८६७ साली मी देआकच्या बाजूने मत दिले असते. उपाशी घरात कोशुतचे शहाणपण शिजत नाही. पण क्रोएशियाच्या कागदावर चिंधी लावताना जे गप्प बसले, त्यांना मी माफ करीत नाही.

आपल्या कागदाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. हंगेरीला मिळाला तो कायदा, १८६७ चा बारावा कायदा, त्यांच्या विधानसभेने मंजूर केलेला. मराठ्यांना मिळाली ती सनद, म्हणजे धन्याची मेहेरबानी. मेहेरबानी मागे घेता येते. निजाम दक्षिणेत बसला आणि १७२७ साली त्याने बोट नेमके फटीत घातले. चौथाईचा खरा धनी साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे ठरेपर्यंत मी देत नाही, असे तो म्हणाला. घरची भाऊबंदकी परक्याच्या हिशेबात अशी जमेला धरली जाते. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडला बाजीरावाने निजामाला पाण्यावाचून कोंडले, तेव्हा मार्चमध्ये मुंगी-शेवगावला त्याने तो हक्क पुन्हा मानला. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या कागदावर परत एकदा तलवारीचे शिक्कामोर्तब करावे लागले.

आणि धारवाड? यादीत नाव नसलेला हा किल्ला नानासाहेब पेशव्यांच्या वेळी, १७५३ साली, मोगल किल्लेदाराकडून मराठ्यांकडे आला. पुढे हैदर आला, टिपू आला. १७९० च्या पावसाळ्याअखेर परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या तुकडीसह याला वेढा घातला तो १७९१ च्या एप्रिलपर्यंत चालला. भोवतालच्या रानांत त्या साली काय पिकले असेल त्याचा अंदाज तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. त्यानंतर १८१७ चा जून महिना. आता दुबळे राज्य पुण्याचे होते. इंग्रजांनी बाजीरावाच्या पुढे तहाचा कागद ठेवला आणि त्या कागदात धारवाडच्या किल्ल्याचे नाव होते. दिल्लीच्या कागदात आम्ही घेणारे होतो तेव्हा धारवाड राहून गेले. पुण्याच्या कागदात आम्ही देणारे झालो तेव्हा मात्र ते कोणी विसरले नाही.

मघाशी मागे बसलेल्या एका मच्छीमार आजोबांनी चिठ्ठी पाठवली आहे. त्यांनी विचारले आहे, की चौथाईचे दोन कारकून आले तेव्हा कुणब्याने काय केले? आजोबा, पुष्कळांनी जे केले ते तुम्हीही ओळखले असेल. एकाला दिल्याचे दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याला दिल्याचे पहिल्याला सांगितले, दाणे पेवात पुरले, आणि फारच झाले तेव्हा गुरे-पोरे घेऊन शेजारच्या परगण्यात निघून गेले. गाव ओस पडले की मग मात्र दोन्हीकडून कौल यायचा: परत या, पहिली काही वर्षे सारा हलका करतो, जमीन लावा. कुणब्याशी बोलणे करायला राज्ये तेव्हा खाली यायची, शेत पडीक दिसल्यावर. त्या कौलांची भाषा दिल्लीच्या सनदेपेक्षा पुष्कळ साधी असायची.

तुमची परतीची गाडी आहे, आणि अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. ज्यांना आणखी विचारायचे आहे त्यांनी स्टेशनवर चला, मी बरोबर येतो. गाडी येईपर्यंत फलाटावर बोलू.